मधले वर्ष आणि मावंदे

शिक्षण संपले आहे आणि नोकरी अद्याप धरलेली नाही, अशा सांध्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींनी एखादे वर्ष परदेशी काढावे, ही रीत आता आपल्याही घरांत शिरली आहे. पूर्वी परदेशगमनाला पदवीचे, व्यापाराचे अथवा चाकरीचे निमित्त लागे. आता तेही लागत नाही. कोणी परक्या मुलखात शेतावर राबून पोटापुरते मिळवतो, कोणी मुलांच्या शाळेत मदतीला राहतो, कोणी नुसताच हिंडतो. आणि वर्ष सरले की घरी परततो. जाऊन काय साधले, असे वडीलधाऱ्यांनी विचारले की उत्तर बहुधा एकच येते : 'मी मोठा झालो', 'मी मोठी झाले'. हे उत्तर खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि आपल्या भाषेत 'मोठा' हा शब्द तीन अर्थांनी चालतो : वयाने मोठा, मानाने मोठा आणि मनाने मोठा. वय घरी बसूनही वाढते. परदेश पाहून आलेल्याचा चार लोकांत मान वाढतो, हेही आपण पाहतो. प्रश्न उरतो तो तिसऱ्या मोठेपणाचा. दूरदेशी काढलेल्या एका वर्षाने माणूस मनाने मोठा होतो काय, आणि होत असल्यास त्याची खूण कोठे पाहावी, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित आहे, असे कोणी समजू नये. सोडमुंजीचा विधी आठवावा. अध्ययन पुरे झालेला बटू काठी, छत्री आणि शिदोरी घेऊन काशीला म्हणून निघतो; मामा आडवा येतो, आपली मुलगी देण्याचे वचन देतो आणि त्याला माघारी वळवतो. कोंकणी घरांतील विवाहांत हाच प्रसंग काशीयात्रा या नावाने होतो व तेथे वधूपिता वराला थांबवून मांडवात आणतो. मंडळी हसतात, छायाचित्रे निघतात आणि विधी पुढे सरकतो. परंतु त्या दहावीस पावलांत एक जुनी कबुली आहे. अध्ययन आणि गृहस्थाश्रम यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते; त्या जागेत तरुणाचे पाऊल घराबाहेर वळावे, हे स्वाभाविक आहे; आणि त्याला परत आणावयाचे तर कोणी तरी पुढे होऊन हात धरावा लागतो. मधल्या वर्षाची कल्पना आपल्याकडे नव्हती असे नव्हे. ती होती, पण आपण तिला मांडवाच्या दारापर्यंतच जाऊ दिले.

याचे कारण भय होते. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमनाचा उल्लेख एके ठिकाणी उत्तरेकडील लोकांचा विशेष आचार म्हणून येतो, तर दुसऱ्या ठिकाणी पातित्य आणणाऱ्या कर्मांत त्याची गणना होते. पुढील काळात दुसरे मत प्रबळ झाले. १८८८ मध्ये विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींना मुंबईत त्यांच्या जातीने बहिष्कृत केले. १८९१ मध्ये ते परतले तेव्हा वडीलबंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदास्नान घडवले आणि राजकोटला जातभोजन घातले. या निर्बंधाला आज हसणे सोपे आहे. पण त्यामागील विचार नीट पाहिला तर तो अगदीच पोकळ नव्हता. आचार हा एकट्याने पाळता येत नाही. त्याला घर, शेजार, देऊळ, पंचांग, स्वयंपाकघर अशा अनेकांचा टेकू लागतो. परक्या देशात हे सगळे टेकू एकदम निघतात, आणि टेकूवाचून माणूस उभा राहील की कोसळेल, हे कोणाला सांगता येत नाही. जुन्या लोकांनी कोसळण्याचे भय धरले आणि दार लावून घेतले. आजचे लोक उभे राहण्याची आशा धरतात आणि दार सताड उघडतात. टेकू निघाल्यावर नेमके काय घडते, हे मात्र दोघांपैकी थोड्यांनीच पाहिले आहे.

ते पाहण्यासाठी आम्हांला विलायतेस जाण्याची गरज नाही. आम्ही हे निर्ण्याहून लिहीत आहोत. येथून बिदरला जाऊन दिवसाउजेडी परत येता येते, आणि त्या बिदरात पंधराव्या शतकात एक परदेशी मनुष्य असाच टेकूवाचून राहून गेला. त्याचे नाव अफानासी निकितिन. रशियातील त्वेर गावचा तो व्यापारी. व्होल्गा नदीच्या मुखाजवळ लुटारूंनी त्याला नागवले. मग इराणातून होर्मुझला येऊन, समुद्र ओलांडून तो चौलला उतरला आणि जुन्नरवरून बहामनी राज्याच्या राजधानीत पोहोचला. १४६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे तो या मुलखात होता. त्याने लिहून ठेवलेला वृत्तांत 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नावाने प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या आयुष्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' हा भारत आणि रशिया यांच्या सहकार्याने काढलेला चित्रपटही आला होता.

त्या वृत्तांतात राजवाडे, हत्ती आणि बाजार यांची वर्णने आहेत. पण आमच्या विषयाला उपयोगी अशा दोनच गोष्टी आहेत. पहिली ही की, लुटीत त्याचे धर्मग्रंथ गेले. ग्रंथांबरोबर सणवारांची गणतीही गेली. ईस्टरचा सण कधी येतो, उपवास कधी धरावयाचा, हे त्याला कळेनासे झाले. तो इतरांवरून अंदाज बांधी, मुसलमान उपास करीत तेव्हा आपणही करी, आणि आपण आपल्या धर्माला अंतरलो की काय या चिंतेने वारंवार व्याकूळ होई. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्म बदललास तर तो परत देईन असे बजावले, तेव्हाही तो डगमगला नाही. पंचांग हरवले होते, पण ज्याच्यासाठी पंचांग पाहावयाचे ते हरवले नव्हते. घरी असताना या दोहोंतील भेद त्याला कदाचित कधी दिसलाही नसता.

दुसरी गोष्ट याहून अधिक विचार करण्याजोगी आहे. बिदरमध्ये राहू लागल्यावर त्याची अनेक हिंदूंशी ओळख झाली. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, हे त्याने त्यांना उघड सांगितले. त्यानंतर, तो लिहितो, ते लोक आपले खाणेपिणे, व्यापार, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवीनासे झाले. शिवरात्रीला ते त्याला आपल्याबरोबर 'पर्वत' नामक क्षेत्री घेऊन गेले. अभ्यासक हे क्षेत्र श्रीशैल असल्याचे मानतात. परक्या देशात दार उघडण्यासाठी त्या देशाचा वेष घ्यावा लागतो, असा आपला समज असतो. येथे उलटे घडले. स्वतः कोण आहोत हे त्याने सरळ सांगितले, आणि तेवढ्याने दार उघडले. आपले खरे रूप सांगणारा पाहुणा निर्धास्त वाटतो. वेष पालटणाऱ्याबद्दल यजमानाच्या मनात संशय राहतो.

या दोन गोष्टींवरून आम्ही एवढे समजतो की, परदेशात मन वाढते ते अंतरामुळे नव्हे. ते वाढते कारण तेथे आपल्याला कोणी ओळखत नाही, आपल्या सवयींना कोणी सांभाळून घेत नाही, आणि पोटाला अन्न व पाठीला आसरा परक्याच्या हातून घ्यावा लागतो. ही तिन्ही जेथे नाहीत, तेथे हजारो कोस जाऊनही काही घडत नाही. आज एखादा तरुण दूरच्या खंडात जातो, आपल्याच मुलखातील चौघांबरोबर खोली घेतो, घरून आलेली चटणी आणि लोणचे खातो, खिशातील फोनवर रोज सायंकाळी आईशी बोलतो आणि गणेशचतुर्थी कधी आहे तेही त्याच फोनवर पाहतो. यात वाईट काही नाही. आईशी बोलणे चांगलेच. परंतु निकितिनचे जे हरवले होते त्यातील काहीच या तरुणाचे हरवत नाही, आणि म्हणून निकितिनला जे सापडले तेही त्याला सापडेलच, असे नाही.

उलट, ज्याला या तिन्ही गोष्टी गावातच लाभतात त्याला परदेशाची आवश्यकता काय, असे कोणी विचारील. हा आक्षेप खरा आहे. आमच्या या सीमाभागात एकाच दिवसात कानडी, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानांवर पडतात. बाजारात एक, घरात दुसरी, असा मनुष्य सहज वागतो. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. श्रीमाणिकप्रभूंनी (१८१७ ते १८६५) तेथे जो दरबार मांडला, त्यात हिंदू आणि मुसलमान दोघेही भक्तिभावाने येत, आणि सर्व मतांचा आदर करणारा त्यांचा संप्रदाय 'सकलमत' या नावानेच ओळखला जातो. तरुणपणी त्यांनीही घर सोडले होते. पण पुढे ते एका जागी स्थिर झाले आणि परका मनुष्य त्यांच्या दारी येऊ लागला. ज्याचे दार असे उघडे आहे त्याच्याकडे परदेश चालत येतो. तेव्हा प्रवास हा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे. ज्याच्या घराचे दार उघडत नाही, त्याने निदान स्वतः बाहेर पडावे, इतकेच प्रवासाच्या बाजूने म्हणता येईल.

आता या विचारातील कठीण जागेकडे येतो. मधले वर्ष ज्याचे असते त्याचेच केवळ ते नसते. तो वाढत असतो तेव्हा मागे कोणी तरी त्याचे ओझे उचलत असते. याचे आपल्या समाजाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळ या गावी १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला. लहानपणी शिक्षण जेमतेम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात भगवान बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या धर्माचे ज्ञान मिळवण्याची ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्याला आले, तेथून ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळला गेले, बोधगयेला गेले, १९०२ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली भाषेचे अध्ययन केले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. १९०६ मध्ये कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले. शाळेत धड न शिकलेला हा मनुष्य पुढे १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेला आणि त्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचा अध्यापक झाला. परदेशाने माणूस वाढतो याला याहून ठळक पुरावा नको.

पण १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले तेव्हा मागे तरुण पत्नी होती आणि तान्ही मुलगी होती. सुमारे सात वर्षे त्या मायलेकींनी त्यांच्यावाचून काढली. अन्नछत्रातील एकेक घास, सिंहलद्वीपातील एकेक पाठ, यांची किंमत गोव्यातील एका घरात मोजली जात होती. 'निवेदन' या १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात कोसंबींनी घर सोडल्याची हकीकत स्वतःच सांगितली आहे. ती त्यांनी झाकून ठेवली नाही.

आपण याचा न्याय कसा करावा? एक उत्तर तयार असते : फळ एवढे थोर आले, तेव्हा झाले ते योग्यच झाले. हे उत्तर आम्हांला पटत नाही. ज्याचे ऋण घेतले त्याला सोडून दुसऱ्याला ते परत केल्याने पहिले ऋण फिटत नाही. महाराष्ट्राला पालीचे ज्ञान मिळाले, म्हणून त्या बालिकेची पित्यावाचूनची वर्षे भरून निघाली, असे म्हणणे म्हणजे एकाच्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जमा दाखवणे होय. दुसरे उत्तरही तितकेच तयार असते : घर टाकून गेलेल्याची विद्या काय कामाची? हेही खरे नव्हे. बुद्धाच्या चरित्राला मराठीत घर मिळाले ते या माणसामुळे. थोर कार्य आणि न फिटलेले ऋण ही दोन्ही एकाच आयुष्यात शेजारीशेजारी राहू शकतात, आणि एकाने दुसरे पुसून टाकण्याची घाई आपण करू नये.

मात्र कोसंबींच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते त्यांच्या वाढीची खरी खूण तीच. कलकत्त्यातील विद्यापीठाची नोकरी हाती असताना त्यांनी सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले आणि ते महाराष्ट्रात आले. कारण मिळालेले ज्ञान आपल्या माणसांना आपल्या भाषेत द्यावे, ही त्यांची इच्छा होती. परक्यांच्या अन्नावर शिकलेली विद्या त्यांनी स्वकीयांच्या दारी आणून ठेवली. गेलेला मनुष्य जे घेऊन येतो ते स्वतःपाशी ठेवतो की वाटतो, येथे त्याची परीक्षा होते.

शतपथ ब्राह्मणात मनुष्याची चार ऋणे सांगितली आहेत. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही आपल्याला पाठ असतात. चौथे मनुष्यऋण मात्र बहुधा विसरले जाते. ते फेडण्याचा तेथे सांगितलेला उपाय अगदी साधा आहे : माणसांना आसरा द्यावा आणि अन्न द्यावे. हे ऋण घरी बसलेल्याला चटकन उमजत नाही, कारण घरी मिळणारे अन्न त्याला आपल्या हक्काचे वाटते. परदेशी राहिलेल्याला ते उमजावयास हवे. ज्याला त्याचे नावगाव ठाऊक नव्हते अशा कोणी तरी त्याला रस्ता दाखवला, आजारपणात पाणी दिले, त्याची मोडकीतोडकी भाषा न हसता ऐकून घेतली. हे उपकार ज्याने केले त्याला ते फेडणे बहुधा अशक्यच असते, कारण त्याची पुन्हा गाठ पडत नाही. ते फेडावयाचे ते आपल्या गावी येणाऱ्या परक्याला. येथे ऋण एकाचे आणि फेड दुसऱ्याला, हा व्यवहार मान्य आहे. कारण देणाऱ्याने ते परका म्हणूनच दिले होते आणि परक्यालाच ते परत जाते. पत्नीचे आणि मुलीचे ऋण तसे नसते. ते त्यांचे त्यांनाच द्यावे लागते.

आमच्या या भागात तर अशी फेड करण्याची संधी पावलोपावली आहे. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे काम शोधीत हैदराबाद, पुणे, मुंबई अशा शहरांकडे जातात. इमारतीच्या पायथ्याशी झोपडी घालतात, परक्या भाषेत मुकादमाचे बोलणे ऐकतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणीला परततात. ओळख नाही, सवयीचा आधार नाही, आसरा परक्याच्या हाती, या तिन्ही गोष्टी त्यांनीही भोगलेल्या असतात. शिकलेल्या मुलाच्या वर्षाला आपण 'अनुभव' म्हणतो आणि त्यांच्या वर्षाला 'पोटापाण्याची वणवण'. शिकलेला मुलगा परतला की त्याला चार प्रश्न विचारतो. मजूर परतला की त्याला कोणी काही विचारत नाही. परदेशी राहून आलेला तरुण जर या माणसाशेजारी बसून 'तुम्ही तिकडे कसे राहिलात?' असे विचारू शकला, आणि त्याच्या उत्तरात स्वतःचे काही ओळखू शकला, तर त्याचे वर्ष फळाला आले असे आम्ही समजू. ते जमले नाही तर त्याने जग पाहिले असेल. वाढला असे म्हणणे कठीण.

आपल्या पूर्वजांनी काशीहून परतलेल्याला तसेच घरात घेतले नाही. त्याच्याकडून मावंदे करवले. सोबत आणलेल्या गंगेच्या गडूची पूजा व्हावयाची, आप्तेष्ट आणि शेजारी जेवावयाचे, तीर्थ सर्वांना मिळावयाचे, आणि मगच यात्रा पूर्ण झाली असे मानावयाचे. यात्रा काशीत पूर्ण होत नसे. ती अंगणात पूर्ण होई. जाताना ज्यांनी शिदोरी बांधून दिली, मागे ज्यांनी गुरे सांभाळली आणि म्हाताऱ्यांना पाणी दिले, त्यांच्या ओंजळीत तीर्थ पडल्यावाचून यात्रेकरूला पुण्य लाभत नाही, हा त्यातील आशय. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त देण्याचा काळ गेला आणि तो गेला हे बरेच झाले. पण प्रायश्चित्ताबरोबर मावंदेही गेले, ही हानी झाली. आज परतलेला मुलगा विमानतळावरून घरी येतो, पेटी उघडतो, भेटवस्तू वाटतो आणि आठवडाभरात पुन्हा कोठे तरी निघून जातो. त्याला काय मिळाले ते त्याच्यापाशीच राहते.

म्हणून ज्या घरांत असा विचार चालू असेल त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. मुलगा असो वा मुलगी, जाऊ द्यावे. लग्नमांडवातील दहावीस पावलांवर समाधान मानण्याचे दिवस आता नाहीत. मात्र निघण्यापूर्वी या वर्षाचा खर्च कोण उचलणार आहे, हे त्याच्याशी स्पष्ट बोलावे. केवळ पैशाचा नव्हे. आजीचे औषधपाणी कोण पाहील, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचे काय होईल, हेही. हिशेब ऐकूनही ज्याला जावेसे वाटते तो विचारपूर्वक जाईल. आणि ज्यांच्यावर भार पडणार त्यांना तो झेपण्याजोगा नसेल, तर वर्षभर थांबण्यातही कमीपणा नाही. तेथे गेल्यावर त्याने त्या देशाची भाषा शिकावी, हाताने काम करावे, आणि मी कोण, कोठला, काय मानतो, हे विचारणाऱ्याला न लाजता सांगावे. परतल्यावर देवळाच्या सभामंडपात एक संध्याकाळ ठेवावी. त्या संध्याकाळी त्याने काय काय पाहिले याची जंत्री देऊ नये. कोणाकडून काय घेतले, ते सांगावे. ऐकणाऱ्यांत ज्यांनी मागे भार वाहिला ते पुढच्या ओळीत असावेत. आणि प्रसादाच्या पंगतीत गावात नव्याने आलेले एखादे परके कुटुंब आवर्जून बसवावे, वाढण्याचे काम त्या परतलेल्या मुलाकडे द्यावे.